खोकला टीबीचा की वाळूचा?

डॉक्टर, नमस्कार. आमचं गाव कणकवली तालुक्यात. मिस्टर 41 वर्षांचे, बारा वर्षं सिलिका वाळूच्या प्लांटवर आहेत. आधी वाळू धुवायच्या कामावर होते, गेली सहा वर्षं सुकी वाळू चाळणं, गोणी भरणं आणि ट्रक लोड करणं. शिमग्यापासून कोरडा खोकला आहे. पावसात जरा बरं वाटलं होतं. आता देवळाची घाटी चढताना मध्येच बसतात. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत डाग दिसले म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, पण थुंकीत दोन्ही वेळा काही निघालं नाही. गोळ्यांना अडीच महिने झाले, फरक नाही. सासूबाईंनी त्यांचं ताट-तांब्या वेगळा केलाय. शेजारचे भावोजी म्हणतात, हे धुळीचं आहे, गोळ्या बंद करा. मुकादम म्हणतो, ‘धुळीन काय माणूस मरता? गूळ खा.’ प्लांटवर रोज गूळ वाटतातच. ह्यांचे खाडे वाढलेत म्हणून मोठ्या मुलाला दिवाळीनंतर तिथेच चिकटवायचं घरात ठरतंय. तो 19 वर्षांचा आहे. काय करू?
– एक वाचक

ताई,

आधी सासूबाईंनी वेगळं काढलेलं ताट. ते आजच घरच्या ताटांत परत जाऊ द्या. टीबी ताटातून, तांब्यातून, चहाच्या कपातून पसरत नाही. तो खोकताना हवेत उडणाऱ्या बारीक थेंबांतून पसरतो. थुंकीत जंतू सापडलेले नाहीत आणि गोळ्याही अडीच महिने पोटात गेल्यात, म्हणजे टीबी असलाच तरी घरच्यांना त्यांच्यापासून धोका अगदी कमी. हे तुम्ही सांगून सासूबाईंना पटेलच असं नाही. गावच्या आशाताईंना घरी बोलवा आणि त्यांच्या तोंडून वदवून घ्या.

आता भावोजी. त्यांचं निदान बरोबर असू शकतं, सल्ला मात्र चुकीचा आहे. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. धुळीचा आजार आणि टीबी हे एकाच फुप्फुसात एकत्र नांदू शकतात, किंबहुना पहिला असला की दुसरा यायची शक्यता बरीच वाढते. अर्धवट सोडलेला टीबी औषधांना दाद देईनासा होतो. गोळ्या थांबवायच्या की कोर्स वाढवायचा, हे नव्या तपासण्यांनंतर छातीच्या डॉक्टरांनी ठरवू दे. तोवर एकही डोस चुकवू नका.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते एक साधं वाक्य: आधी धुवायच्या कामावर, मग सुक्या वाळूवर. हे तुम्ही मला लिहिलंत, पण ज्यांनी एक्स-रे पाहिला त्या डॉक्टरांना कोणी सांगितलं का? मला शंका आहे. आपल्याकडे खोकल्याचा माणूस दवाखान्यात गेला की बिडी ओढता का, दारू घेता का, घरात कोणाला टीबी होता का, हे सगळं विचारतात. ‘काम काय करता?’ हे विचारलं तरी ‘मजुरी’ असं उत्तर येतं आणि केसपेपरवर तेवढंच लिहिलं जातं. मजुरी आंब्याच्या बागेतही असते आणि सिलिकाच्या चाळणीखालीही असते. फुप्फुसाच्या दृष्टीने त्या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वाळू ओली असते तोवर ती फारसा त्रास देत नाही. खाणीतून काढली, मोठे तुकडे क्रशरला फोडले, पाण्याने धुतली, इथवर पाणी धूळ धरून ठेवतं (क्रशर कोरडा चालवत असतील तर तिथेही धूळ आलीच). ऊन लागून वाळू सुकली की खरा धोका सुरू होतो. चाळणी हलते तशी भुकटी सुटते. गोणी भरणं तर त्याहून वाईट. वरून वाळू आत पडते तेव्हा गोणीतली हवा कुठेतरी जायलाच हवी, ती गोणीच्या तोंडातून बाहेर फेकली जाते आणि सोबत सगळ्यात बारीक भुकटी घेऊन येते. त्या वेळी गोणीचं तोंड दोन्ही हातांनी धरून, मान खाली घालून कोण उभा असतो? तुमचे मिस्टर. सहा वर्षं.

डोळ्यांना दिसते ती धूळ त्यातल्या त्यात बरी. ती नाकात, घशात अडकते, शेंबडातून आणि थुंकीतून बाहेर पडते. साधारण 5 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण मात्र फुप्फुसाच्या टोकाच्या फुग्यांपर्यंत पोचतात. आपला केस अंदाजे 70 मायक्रॉन जाडीचा असतो, त्यावरून हिशेब करा. हे कण उघड्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि हवेत तासन् तास तरंगत राहतात. ‘जेवणाच्या सुट्टीत धूळ बसलेली असते’ असं कामगार म्हणतात ते जाड धुळीपुरतं खरं आहे.

आत पोचलेल्या कणाला शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी गिळतात. जंतू गिळला तर तो पचतो. सिलिका पचत नाही. उलट तीच पेशीला मारते, पेशी फुटते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते आणि तीही मरते. प्रत्येक फेरीला आजूबाजूला सूज येते, सुजेच्या जागी वण धरतो, वणाची गाठ होते. अशा बारीक बारीक गाठी वाढत जाऊन फुप्फुस ताठर होतं. याला सिलिकोसिस म्हणतात. टीबीचा जंतू ज्या पेशींनी मारायचा त्याच पेशी इथे सिलिकेने संपवलेल्या असतात. म्हणून या कामगारांना टीबी जास्त होतो, आणि काम सोडल्यावरही पुढे कित्येक वर्षं होऊ शकतो.

दोन्ही आजारांत एक्स-रेवर डाग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात, खोकला दोन्हींत, वजन दोन्हींत घटू शकतं. त्यामुळे डाग दिसले, टीबीच्या गोळ्या दिल्या, असं होणं समजू शकतं. आपल्या देशात टीबी इतका आहे की डॉक्टरांना तोच आधी सुचतो आणि सुचायलाच हवा. पण थुंकीत काही नाही, तुमच्या पत्रात तापाचा उल्लेख नाही, गोळ्यांचा गुण नाही आणि माणूस सुक्या सिलिकेत राबलेला, हे सगळं जुळून आलं की निदान पुन्हा तपासायची वेळ झाली असं समजायचं. मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे आणि गुजरातेत खंभातला अकीक (दागिन्यांत वापरायचा दगड) घासणारे कामगार याच आजाराने गेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यांचा अभ्यास केलेला आहे. आजार जुना आणि माहितीतला आहे, फक्त आपल्या खाडी-डोंगराच्या मुलखात तो कोणाच्या ध्यानीमनी नसतो. ‘कोकणची हवा म्हणजे औषध’ हे इतकं मनात बसलंय की कोकणातल्या एखाद्या शेडखालची हवा विष असू शकते, हे पटतच नाही. मोबाइलवर हवेचा जो आकडा दिसतो तोही इथे कामाचा नाही. तो शहरातल्या यंत्राचा असतो, गोणी भरणाऱ्याच्या नाकासमोरचा नसतो.

सगळी धूळ सारखी नसते, हेही सांगून ठेवतो, कारण तुमच्या गावात चिरेखाणीवर जाणारेही असतील. जांभ्यात मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं असतात, मोकळी सिलिका त्या मानाने कमी. काळ्या दगडाच्या खडी क्रशरचंही तसंच. याचा अर्थ चिरे कापणाऱ्यांनी निर्धास्त राहावं असा नाही. त्यांनाही दमा, जुनाट खोकला, श्वासनलिकांची सूज होतेच. काच आणि फाउंड्रीसाठी जाणाऱ्या वाळूत मात्र सिलिका 90 टक्क्यांच्या वर असते, आणि नुकत्याच फोडलेल्या कणांचा पृष्ठभाग जुन्या झिजलेल्या कणांपेक्षा जास्त घातक असतो. किनाऱ्यावरच्या पुळणीत पोरं दिवसभर खेळली तरी काही होत नाही. त्याच सिलिकेची भुकटी झाली की ती माणसाला मारते.

किती धूळ म्हणजे जास्त? 1948 च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत यासाठी सूत्र होतं: फुप्फुसात खोल जाणाऱ्या धुळीत क्वार्ट्झ (म्हणजे सिलिकेचे स्फटिक) जितके टक्के असेल त्यात 2 मिळवायचे आणि 10 ला त्या आकड्याने भागायचं. धुळीत 95 टक्के क्वार्ट्झ धरलं तर उत्तर येतं एका घनमीटर हवेत सुमारे 0.1 मिलिग्रॅम. अमेरिकेने 2016 साली सिलिकेची मर्यादा 0.05 वर आणली. अंगमेहनत करणारा माणूस आठ तासांच्या पाळीत साधारण 10 घनमीटर हवा ओढतो. म्हणजे त्या कायद्याची मर्यादा काटेकोर पाळली तरी दिवसाला 1 मिलिग्रॅमच्या आसपास धूळ आत जाते, बारीक मिठाचे पंधरा-वीस दाणे होतील एवढी. ज्या शेडमध्ये समोरचा माणूस अंधुक दिसतो तिथे काय होत असेल, ते मी वेगळं सांगायला नको.

पावसात बरं वाटलं, असं तुम्ही लिहिलंय. या एका गोष्टीने कितीतरी माणसं फसतात. जून ते सप्टेंबर हवा ओली, बऱ्याच ठिकाणी काम बंद किंवा कमी, माणूस शेतावर लावणीला. श्वासनलिकांची वरवरची जळजळ तेवढ्यात निवते, खोकला उतरतो आणि घरातल्यांना वाटतं, गेला आजार. खोल गेलेली सिलिका तिथेच असते. सिलिकोसिसची खोडच अशी की काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. म्हणून खोकला कमी झाला का, एवढंच पाहू नका. मागच्या वर्षी घाटी कशी चढायचे आणि यंदा कशी चढतात, याकडे लक्ष द्या.

आता करायचं काय ते. आज रात्री मुलाला वही घेऊन बसवा आणि वडिलांकडून एक पानभर लिहून घ्या. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत कोणतं काम, ओलं की सुकं, बंद शेडमध्ये की उघड्यावर, दिवसाला किती तास, पाणी मारत होते का, तोंडाला काय बांधत होते, सोबतच्या किती जणांना असाच खोकला आहे, त्यातलं कोणी गेलं का. त्याआधी मुंबईत किंवा गोव्यात बांधकामावर, फरशी कापायच्या, पॉलिशच्या कामावर होते का, तेही लिहा. बिडी ओढत असतील तर तीही खरी लिहा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. बिडी आणि सिलिका यांची युती फार वाईट, दम लागण्यातही आणि कॅन्सरमध्येही. आणि बिडी लपवल्याने धुळीचा दावा बळकट होतो, हा गैरसमज आहे.

तो कागद, जुने सगळे एक्स-रे (रिपोर्टच नव्हे, फिल्मसुद्धा) आणि टीबीचं कार्ड घेऊन छातीच्या तज्ज्ञांकडे जा. ओरोसचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल. तुमच्याकडची माणसं गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजलाही जातात, कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयातही. कुठेही जा, पण कागद टेबलावर आधी ठेवा आणि एकच वाक्य स्पष्ट बोला: ‘हे सहा वर्षं सुक्या सिलिका वाळूच्या गोण्या भरत होते, हा सिलिकोसिस आहे का ते बघा.’ डॉक्टरांना आजाराचं नाव सुचवायला संकोच वाटेल. वाटू दे. चांगला डॉक्टर रागावणार नाही, आणि रागावणारा भेटला तर दुसरा शोधा.

तिथे काय होईल? चांगल्या प्रतीचा नवा एक्स-रे, गरज वाटली तर छातीचा सीटी स्कॅन. फुप्फुसांच्या मुळाशी असलेल्या लसिका ग्रंथींवर कधी कधी अंड्याच्या कवचासारखी चुन्याची कड दिसते, ती सिलिकोसिसची मोठी खूण. नळीत जोराने फुंकायची स्पायरोमेट्री. ती नॉर्मल आली म्हणून आजार नाही असं होत नाही, सुरुवातीला ती नॉर्मल येऊ शकते. थुंकीची तपासणी पुन्हा, पण या वेळी सूक्ष्मदर्शकाखालची नव्हे. टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मागा, सरकारी यंत्रणेत ती मोफत होते. टीबी खरंच असला आणि जोडीला सिलिकोसिस असला तर डॉक्टर कोर्स नेहमीच्या सहा महिन्यांहून लांबवूही शकतात. टीबीची नोंद झालेल्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1,000 रुपये मिळतात. ते तुमच्या बँक खात्यात येतायत का, हेही त्याच फेरीत विचारून घ्या. संध्याकाळचा ताप, थुंकीत रक्त, झपाट्याने उतरणारं वजन, एकाएकी वाढलेली धाप, यांतलं काहीही दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका.

सिलिकोसिस निघाला तर तो बरा होत नाही. झालेले वण पुसून टाकणारं औषध आज जगात नाही. हे मी गोड करून सांगणार नाही, कारण याच ठिकाणी लोक हजारो रुपयांची चूर्णं आणि ‘फुप्फुस साफ करणारे’ काढे घेऊन बसतात. पण बरा होत नाही म्हणजे काहीच करता येत नाही, असंही नाही. धुळीतून माणूस बाहेर काढला की वाढीचा वेग कमी होण्याची शक्यता असते. श्वासनलिका आवळलेल्या असतील तर इनहेलरने दम कमी लागतो. फ्लू आणि न्यूमोकोकसची (न्यूमोनियाच्या एका जंतूवरची) लस घेतली तर अचानक बिघडण्याचे प्रसंग कमी होतात. श्वासाचे आणि चालण्याचे व्यायाम शिकवतात, त्यांचा उपयोग होतो. आणि टीबीवर नजर कायमची ठेवायची. 41 व्या वर्षी हे कळणं 55 व्या वर्षी कळण्यापेक्षा पुष्कळ बरं.

गुळाचं म्हणाल तर, जखम मांडीला आणि मलम शेंडीला. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात. दोघांची वाटेत गाठ पडत नाही. घसा ओला होतो, चार घास ताकद येते, एवढंच. केळ्याचं आणि दुधाचंही तेच. मला गुळाचा राग नाही. पण गूळ वाटला की मालकाला वाटतं कर्तव्य झालं आणि कामगाराला वाटतं आपली काळजी घेतली जातेय, याचा मात्र राग येतो. तोच पैसा पाण्याच्या फवाऱ्याला लावता येईल.

तोंडाला बांधलेला पंचा किंवा रुमाल हाही गुळाचाच भाऊ. कापडाच्या विणीतून 5 मायक्रॉनखालचे कण आरामात आत जातात. शस्त्रक्रियेचा निळा मास्कही चालत नाही, कारण तो कडेने उघडा असतो. किमान एन-95 किंवा एफएफपी-2 हवा, आणि तो चेहऱ्याला घट्ट बसायला हवा, म्हणजे दाढी काढलेली हवी. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात असा मास्क घालून गोण्या उचलणं किती जाचक आहे, हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. तासाभरात तो घामाने भिजतो, माणूस हनुवटीवर ओढतो आणि संपलं. म्हणून मास्कवर भिस्त ठेवू नका. तो सगळ्यात शेवटचा उपाय.

पहिला उपाय धूळ उडूच न देण्याचा. पडत्या जागी फवारे, चाळणी आणि पट्ट्याला झाकण, गोणी भरायच्या तोंडाशी धूळ ओढून घेणारा पंखा आणि फिल्टर, लोडरची केबिन बंद, जमीन झाडूने झाडायच्या ऐवजी पाण्याने धुणं, कॉम्प्रेसरच्या हवेने अंग आणि कपडे झटकणं बंद. यातलं एकही काम कामगाराच्या हातात नाही, सगळी मालकाची आहेत. फुकट होणारी गोष्ट एकच, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहणं. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की शेडमध्ये धूळ कुठल्या बाजूला जाते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. तरी नवा पोरगा नेमका त्या बाजूला उभा केला जातो.

मिस्टरांना मात्र आता मास्कसुद्धा पुरेसा नाही. त्यांनी सुक्या कामावर परत जायचं नाही. घर त्यांच्या पगारावर चालतं हे दिसतंय, म्हणून ‘उद्या नोकरी सोडा’ असं बसल्या जागेवरून सांगणं मला जमत नाही. आधी मालकाशी बोलून वजनकाट्यावर, गेटवर किंवा खाणीच्या दूरच्या टोकाला हिशेबाच्या कामावर बदली मागा. ‘डॉक्टरांनी धुळीत जायला मना केलंय’ अशी चिठ्ठी सोबत असू द्या. दारापाशी उभं राहून आवाज चढवण्यापेक्षा चिठ्ठी आणि दोन जाणते शेजारी जास्त काम करतात.

हे होत असताना कागद मात्र गुपचूप जमवत राहा. अशा कामात नेमणूकपत्र क्वचितच मिळतं, रोख पगार आणि मुकादमाच्या वहीतली हजेरी एवढाच व्यवहार. पीएफची पावती, बँकेत किंवा फोनवर आलेले पैसे, कामावर काढलेले फोटो, गेटपास, ट्रकच्या पावतीवरची सही, बरोबर काम केलेल्या दोघा-तिघांची नावं, जे मिळेल ते ठेवा. पगारातून 0.75 टक्के ईएसआयसाठी (कामगार राज्य विम्यासाठी) कापले जात असतील तर ते विमाधारक आहेत, आणि मग उपचार आणि आजारपणाचा भत्ता तिथून मिळायला हवा. सिलिकोसिस हा कायद्याने कळवण्याजोगा आजार आहे. 1948 च्या कायद्यात तो होता आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेच्या यादीतही आहे. निदान करणाऱ्या डॉक्टरांनी ते सरकारी यंत्रणेला कळवायचं असतं. त्यांना तशी विनंती करा आणि निदानाच्या कागदावर आजाराचं नाव व कामाचा उल्लेख दोन्ही मागून घ्या. तक्रार करायची तर, प्लांट कारखान्यात मोडत असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, खाणीत मोडत असेल तर धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे. तक्रार कोणी केली हे गुप्त ठेवणं कारखाने कायद्याच्या कलम 118-अ नुसार निरीक्षकाचं कर्तव्य होतं, तरी आता अर्जात ‘नाव गुप्त ठेवा’ असं स्पष्ट लिहूनच द्या. नुकसानभरपाईच्या दाव्याला मुदत असते, ‘आधी बरं वाटू दे, मग बघू’ करू नका. वकिलाच्या फीचा प्रश्न असेल तर ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे मोफत वकील मिळतो. अर्ज तुमच्या नावाने करता आला तर तुम्हीच करा.

कपड्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. बारा वर्षं ते कपडे तुम्हीच झटकून धुतले असणार. यापुढे कोणी प्लांटवरून आलं तर कपडे अंगणातच उतरवायचे, झटकायचे नाहीत, सरळ पाण्याच्या बादलीत बुडवायचे आणि वेगळे धुवायचे. तुम्हालाही खोकला असेल तर त्याच फेरीत स्वतःचा एक्स-रे काढून घ्या. ‘मला काय झालंय’ म्हणून टाळू नका.

राहिला मुलगा. त्याला पाठवू नका. बाकी सगळ्या मुद्द्यांवर मी दोन्ही बाजू सांगितल्या, इथे सांगणार नाही. धुळीचं प्रमाण फार असेल तर हा आजार पाच-दहा वर्षांतही गाठतो, आणि अती असेल तर त्याहून लवकर. 19 व्या वर्षी आत गेलेला पोरगा तिशी ओलांडायच्या आत वडिलांच्या जागी, म्हणजे घाटीच्या मध्यावर बसलेला असेल. ‘फक्त वर्षभर, मग बघू’ असं घरात कोणी म्हणेल. वडिलांच्या बारा वर्षांची सुरुवातही तशीच झाली असेल. दहावी झालेल्या मुलाला जिल्ह्यातल्या आयटीआयत इलेक्ट्रिशियन, फिटर, डिझेल मेकॅनिक अशा ट्रेडला प्रवेशाची वेळ साधारण पावसाळ्यात असते. तोवर आंब्याच्या हंगामात पॅकिंगला, दुकानात, गाडीवर क्लीनर म्हणून, काहीही चालेल. पैसे कमी येतील हे मान्य.

आणि घरातल्यांच्या दबावापुढे तुमचं काही चाललंच नाही, तो गेलाच, तर कामाच्या पहिल्या दिवसाआधी त्याचा छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री करून फिल्म घरात जपून ठेवा, दरवर्षी पुन्हा करा, आणि त्याला फक्त ओल्या कामावर, म्हणजे धुण्याच्या टाकीवर घ्या अशी अट आधीच घाला. गोण्यांवर नाही.